ट्रेलरवरचे पांढरे डाग

काकूंचा फोन आला तेव्हा मी पिल्लूला वरणभात भरवत होते. "अगं, काका गेले..." एवढंच म्हणाल्या. चार दिवस हॉस्पिटलमध्ये होते, छातीत न्यूमोनिया झालेला, पण घरी येतील असंच वाटत होतं सगळ्यांना.

विलासकाका माझे नात्यातले नव्हते. इथे परदेशात, ॲडम्सटाउनला, आमच्या मागच्या गल्लीत राहायचे, ॲल्युमिनियमचा ट्रेलर होता त्यांचा, बॉल्सब्रिजला ऑफिसांजवळ लावून दुपारी वडापाव विकायचे. मी दहावी नापास, इंग्लिश तोडकंमोडकं, कडेवर बाळ. मला कोण काम देणार? काका म्हणाले, "कांदा चिरता येतो ना? मग ग्रँड, झालं की काम!"

थंडीत इथे रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात, ते ॲल्युमिनियमला खातं. म्हणून घरी आलं की काका आधी ट्रेलर धुवायचे, मग चहा. खालून सुरुवात, चाकांच्या आतून, आणि पाणी थंडच. गरम पाण्यानं मीठ जास्त चावतं म्हणायचे. मग कोरडं पुसून जुन्या बनियननं मेण लावायचं. शेजारचा आयरिश म्हातारा ओरडायचा, "विलास, झिजवशील रे तो ट्रेलर!" काका म्हणायचे, "तुझ्या गाडीसारखा गंजू देऊ काय?"

मागच्या खंडेनवमीला ट्रेलरची पूजा करायची होती. काका-काकू सामान आणायला गेलेले. मला वाटलं, आपण चकाचक करून ठेवू, खूश होतील. आई तांब्याची भांडी घासायची तसं मी वाटीत चिंच आणि मीठ कालवलं, तारेच्या घासणीनं दारावर चोळलं, आणि तेवढ्यात पिल्लू रडायला लागलं म्हणून घरात गेले ती अर्ध्या तासानं आले. सगळं वाळलेलं. धुतलं तर खाली पांढरे डाग, ओरखडे...

काका आले, डागांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "गेल्या थंडीतलं मीठ राहिलं बघ. माझंच चुकलं, नीट धुतलं नाही मी."

मी ओढणीखाली वाटी धरून उभी होते. काम जाईल म्हणून घाबरले, दुसरं काय...

मग ह्या थंडीत काकांनी ध्यासच घेतला. खोकला झाला तरी आल्या आल्या पाइप घेऊन गारठ्यात गुडघ्यांवर बसायचे. मी म्हणायचे, "काका, आज राहू द्या, उद्या धुवा." तर म्हणायचे, "उद्यापर्यंत मीठ थांबतंय होय? एकदा चुकलो ना!" तेव्हा तरी खरं सांगायला हवं होतं मी. त्याऐवजी त्यांच्या हातात कोरडं फडकं देत राहिले. त्या पाण्यानंच दुखणं आलं का, डॉक्टरांना विचारायचीसुद्धा मला भीती वाटते.

आता ट्रेलर काकूंच्या दारात उभा आहे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काकू ते डाग दाखवतात. "एवढा जपणारा माणूस," म्हणतात, "पण एकदा हातून धुवायचं राहिलं, तेच मनाला लावून घेतलं ह्यांनी." मी तिथेच बसलेली असते, पिल्लूला मांडीवर घेऊन. रोज ठरवून जाते आणि रोज चहा पिऊन परत येते.

काकू, तुम्ही पेपरची ही पुरवणी वाचता म्हणून इथे लिहिते, तोंडानं मला जमत नाही. ते मीठ रस्त्यावरचं नव्हतं, मी लावलेलं होतं. परत कुणाला डाग दाखवलेत तर माझं नाव सांगा. काकांचं काही राहिलं नव्हतं हो... त्यांनी नीटच धुतलं होतं.