अमेरिकेच्या चतुःसीमा

कोणाच्याही शेतात पाऊल टाकण्यापूर्वी मामा वहाणा काढून काखेत धरत, बांधावर उभे राहत आणि विचारत, "लगतवाले आले का?"

लगतवाले म्हणजे शेजारच्या जमिनींचे धारक. मोजणीआधी त्यांना नोटीस द्यायची आणि मोजणीच्या वेळी त्यांनी हजर राहायचे, असा नियम होता. नोटिशीवर अंगठे उमटलेले दिसले की बाकीच्यांचे समाधान होई. मामांचे होत नसे. चारी बाजूंची चार माणसे डोळ्यांना दिसेपर्यंत ते खांद्यावरची साखळी उतरवत नसत. मोजणीदार साहेब घड्याळ पाहत, जमीनमालक चुळबुळ करत, आणि मामा बांधावर बसून शांतपणे विडी ओढत.

ते मोजणी खात्यात साखळी ओढणारे शिपाई होते; सगळे त्यांना मामाच म्हणत. लिहिता-वाचता येत नव्हते. पैशांचा दशमान हिशेब येऊन गेला होता, पण मोजणीची साखळी अजून सोळा आण्यांचीच, म्हणजे सोळा भागांचीच होती, आणि ते आणे मामांच्या बोटांना पाठ होते.

हे लगतवाल्यांचे प्रकरण त्यांच्या अंगात भिनले होते. शहापूरच्या हॉटेलात बाकावर कोणी शेजारी येऊन बसला की ते आपला कप सरकवत म्हणत, "ये, लगतवाला हायस." एकदा कोणी त्यांच्या पुतणीसाठी स्थळ सांगायला आला. मुलगा काय करतो, घरी काय आहे, हे त्याने सांगून संपवले. मामा म्हणाले, "ते र्‍हाऊ दे. शेजारी कोन कोन हायेत ते सांग. त्यांना विचारून येतो." आणि खरेच जाऊन विचारून आले. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आपण अशांना हसतो, आणि आपल्या घरचे काम निघाले की त्यांनाच बोलावतो.

माझी त्यांची ओळख कॉलेजच्या पहिल्या उन्हाळी सुटीत झाली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची चौथी ओलांडली नव्हती. मुंबईला ओळखीच्यांकडे राहून मी शिकत होतो आणि सुटीत मोजणीच्या पार्टीबरोबर रोजावर टिपणवही लिहायला लागलो होतो. मामा साखळी टाकून आकडा ओरडत, मी तो वहीत मांडत असे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझे नाव विचारले आणि ते बाजूला ठेवून मला 'कॉलेज' म्हणायला सुरुवात केली.

दुपारी भाकरी मोहाच्या झाडाखाली होई. मी इतिहासाचे इंग्रजी पुस्तक बरोबर ठेवत असे. पान वाचावे आणि मनात मराठीतून सांगून पाहावे. सांगता आले तर समजले, अशी माझी पद्धत होती. ओठ हलत असावेत.

"काय पुटपुटतोस रे कॉलेज?"

"अमेरिकेने जमीन विकत घेतली, ते वाचतोय."

"किती?"

"जवळजवळ आधीच्या देशाएवढी."

मामांचा घास हातातच राहिला. "कोनाकडून?"

मी सांगू लागलो. अमेरिका तेव्हा नवा देश, स्वतंत्र होऊन जेमतेम वीस वर्षे झालेली. त्यांना खरे तर एका मोठ्या नदीच्या मुखावरचे बंदर तेवढे हवे होते, माल बाहेर पाठवायला. ते फ्रान्सकडे होते. फ्रान्सचा सत्ताधीश साम्राज्य उभे करायला निघाला होता. पण समुद्रापलीकडच्या एका बेटावर त्याचे सैन्य बंडाने आणि तापाने संपले, आणि इकडे इंग्रजांशी लढाई तोंडावर आली. त्याला पैसा हवा होता. त्याने बंदराबरोबर मागचा सगळा मुलूखच विकायला काढला. बोलणी करायला गेलेल्या अमेरिकेच्या वकिलांना, म्हणजे दूतांना, एवढ्या खरेदीचा अधिकार नव्हता. घरी विचारावे तर पत्र जाऊन यायला महिने लागत. त्यांनी सही करून टाकली.

"बंदर आनायला गेले नि मुलूख घेऊन आले," मामा म्हणाले. "आमची बायको मीठ आनायला गेली का असंच करते."

साहेब मोठ्याने हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी भाकरी खाली ठेवली. "बरं, चतुःसीमा सांग."

"पूर्वेला नदी."

"हां."

"दक्षिणेला समुद्र. उत्तरेला... नक्की दिलेलं नाही. पश्चिमेला डोंगर."

"डोंगर म्हंजे? माथा धरलाय का पायथा?"

मी पान उलटून पाहिले. तसे काही नव्हते. हद्द कुठवर, हे अमेरिकेच्या वकिलांनीही विचारले होते, आणि फ्रान्सच्या मंत्र्याने त्यांना सरळ उत्तर दिले नव्हते, एवढे मात्र होते.

"म्हंजे विकनाऱ्याला ठाव नाय, घेनाऱ्याला ठाव नाय! साहेब, असला दस्त आपल्याकडं कोनी नोंदला असता का?"

"मामा, तिथं तुम्हालाच पाठवायला हवं होतं," साहेब म्हणाले.

"गेलो असतो. पन साखळी पुरली नसती."

मला वाटले विषय संपला. दुसऱ्या दिवशी टेकडी चढताना ते मध्येच थांबले. "त्या मुलखात र्‍हात कोन होतं रे?"

"तिथले मूळचे लोक. शेती करणारे, शिकारीवर जगणारे. पुष्कळ जमाती होत्या."

"त्यांना नोटीस?"

"नाही."

"एकालाबी नाय?"

"पुस्तकात तरी नाही."

ते थोडे चालले. मग म्हणाले, "र्‍हानारे वेगळे, विकनारे वेगळे. मग त्या फ्रान्सवाल्यानं विकलं काय?"

पुढे या विषयावर मी परीक्षेत चार पाने लिहिली आणि बरे मार्कही मिळाले, पण त्या चार पानांत मामांच्या या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

त्याच आठवड्यात आम्ही उंबरमाळीच्या बाजूला गेलो. गवताच्या एका व्यापाऱ्याने कल्याणकडच्या जमीनदाराकडून तिथला वरकस माळ विकत घेतला होता. वरकस म्हणजे भात न पिकणारी, डोंगरउताराची गवताळ जमीन. व्यापाऱ्याला त्याभोवती तार ओढायची होती, म्हणून मोजणी मागितली होती. दस्त साहेबांच्या पिशवीत होता. त्यात नाला होता, जंगलखात्याची हद्द होती, आंब्याचे एक झाडसुद्धा होते.

माळाच्या मध्यावर कातकऱ्यांची अकरा घरे होती. ती दस्तात नव्हती.

माणसेही नव्हती. दिवाळीनंतर सगळी वाडी कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला जाई आणि पाऊस तोंडावर आला की परत येई. दारांना काटेरी फांद्या लावून दोरीने बांधलेल्या. राखणीला एक म्हातारी आणि एक शेळी, एवढीच मागे होती.

व्यापाऱ्याचा माणूस साहेबांना म्हणाला, "ओसाड आहे हो. पडीक लिहा न् मोकळे व्हा." साहेब माणूस वाईट नव्हता, पण ऊन फार होते. "कुडाच्या झोपड्या दिसतायत. रिकाम्या म्हणून टीप घ्या," असे मला सांगून ते त्या माणसाबरोबर सावलीला गेले.

मामांनी साखळी टाकायला सुरुवात केली. "पाच साखळ्या दोन आणे, उजव्या हाताला एक साखळी, घर!" मी लिहिले. "पाच साखळ्या आठ आणे, घर!" मी लिहिले. चौथ्या घरापाशी ते साखळी सोडून माझ्याकडे आले.

"काय लिवलंस, वाच."

"पाच साखळ्या दोन आणे, रिकामी झोपडी..."

"रिकामी?"

"साहेबांनी सांगितलं."

मामांनी घाम पुसला. आवाज चढवला नाही. "तू मुंबईला शिकायला जातोस. घरचे कामावर गेले का तुझ्या घराला कडी असते. मंग कोनी वहीत 'रिकामं' लिवतो का?" मग म्हातारीकडे वळून म्हणाले, "आजी, ह्या घरचा मानूस कुठंय?"

"भट्टीवं गेलाय. येल पानी पडायच्या आत," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून तिने विचारले, "ह्ये कोन? इच्यारतोय का लिवतोय?"

"आधी इच्यारतो, मंग लिवतो," मामा म्हणाले.

मी चारही ठिकाणचे 'रिकामी झोपडी' खोडले आणि 'घर' लिहिले. खाडाखोडीवर सही लागते, म्हणून चार सह्या केल्या. सरकारी कागदावरच्या माझ्या त्या पहिल्या सह्या. मग उरलेली सात घरे लिहिली. मला आतून बरे वाटत होते; आपण काही केले असे वाटत होते.

आता एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती सांगण्यासाठीच मी हे लिहितो आहे. घरे संपल्यावर मामा पायवाटेने खालच्या अंगाला उतरले. तिथे वाडीचा पिण्याचा झरा होता. त्यांनी ओरडून आकडा सांगितला आणि पुढे म्हटले, "पान्याची वाट!" त्याच वेळी व्यापाऱ्याचा माणूस सावलीतून उठून माझ्याकडे येताना दिसला. तो वहीत डोकावेल, खाडाखोड पाहील, मला विचारील, असे वाटले. मी वही मिटली.

"लिवलं?" मामांनी खालून विचारले.

"लिहिलं," मी म्हणालो.

साहेबांनी संध्याकाळी वही पाहिली. कपाळाला आठ्या घालून त्यांनी माझ्या सह्या मोजल्या. व्यापाऱ्याचा माणूस म्हणाला, "हे पान बदला की." साहेब म्हणाले, "पान बदललं तर फेरमोजणी लागते. या टेकडीवर परत कोण चढणार? तुम्ही?" अकरा घरे नकाशात राहिली ती अशी. चांगुलपणाने किती आणि चढाच्या कंटाळ्याने किती, ते मला आजही ठरवता येत नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी मी मुद्दाम उंबरमाळीला गेलो. वाडी भट्ट्यांवरून नुकतीच परतली होती. तार ओढलेली होती. ती सरळ आली होती, घरांपाशी वळली होती आणि अकराही घरांना बाहेर सोडून, पण घरे आणि झरा यांच्या मधून गेली होती. बायका हंडे घेऊन सबंध टेकडीला वळसा घालून दुसरीकडून पाणी आणत होत्या. तक्रार केली तेव्हा त्यांना नकाशा दाखवण्यात आला होता. नकाशात वाट नव्हती.

म्हातारीने मला ओळखले. "घरं ठेवली रं बाबा तुमी," ती म्हणाली. "पानी न्येलं."

मामा तोवर निवृत्त होऊन मुरबाडच्या पलीकडे आपल्या गावी राहत होते. मी एस.टी.ने गेलो. ते ओटीवर दोर वळत बसले होते. मी सगळे सांगितले. त्यांचे हात थांबले नाहीत.

"लिवलं म्हणालेलास तू."

"हो."

"नव्हतं लिवलं."

"नाही."

मग त्यांनी आत हाक दिली, "गो, कॉलेज आलाय. भाकर टाक एक." जेवण झाल्यावर म्हणाले, "आता लिव. अर्ज कर मामलेदाराकडं. वही मिटली, ते बी लिव. खाली नाव घाल तुझं."

त्याच मोजणी कचेरीत कारकून म्हणून लागण्याची मला आशा होती. मी तसे अडखळत म्हणालो.

"मंग नको घालू," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. "मी येतो साक्षीला. माझं काय जातंय? पेन्शन येते, ती येईलच. पन मी नुसता बोललो होतो. वही तुझ्या हातात होती."

अर्ज मी नावानिशी केला. ती नोकरी पुढे मला मिळाली नाही; अर्जामुळे की मार्कांमुळे, मला माहीत नाही.

जागेवर पाहणीची तारीख आश्विनात लागली. मामांना बरोबर न्यावे म्हणून मी आदल्या दिवशी त्यांच्या गावी गेलो. ते भाद्रपदातच वारले होते. मला कळवायचे कोणाला सुचले नव्हते, आणि त्या घरात पत्र लिहिणारे कोणी नव्हते. त्यांच्या सुनेने मला पाणी दिले. ओटीवर वळून झालेल्या दोरांचे वेटोळे पडले होते.

दुसऱ्या दिवशी माळावर मामलेदार, नवा मोजणीदार, नवा साखळीवाला, व्यापाऱ्याचा माणूस आणि सगळी वाडी जमली. गवत कमरेएवढे उभे होते. मामलेदारांनी विचारले, "साक्षीदार कुठे आहे?"

"वारले," मी म्हणालो.

"मग इथं वाट होती हे कोण सांगणार? मला तर गवतच दिसतंय."

मी बोलायला लागलो, तोच म्हातारी पुढे झाली. ती बायकांकडे वळून एवढेच म्हणाली, "जा गो, पानी आना."

एकीने काठीने तार उचलून धरली. चौघी हंडे हातात घेऊन वाकून पलीकडे गेल्या, हंडे डोक्यावर ठेवले आणि उतरू लागल्या. खाली कोणी पाहत नव्हती. आपसात बोलत, एकीमागे एक, न अडखळता चालल्या होत्या. त्यांच्या पायांखाली गवत विरळ होते आणि माती दगडासारखी घट्ट. नव्या साखळीवाल्याने मामलेदारांकडे पाहिले. त्यांनी होकाराची मान हलवली. त्याने बायकांच्या मागोमाग साखळी टाकायला सुरुवात केली आणि झऱ्यापाशी पोचून आकडा ओरडला.

तो आकडा वहीत लिहून होईपर्यंत बायका हंडे भरून परत चढायला लागल्या होत्या.