तीन उभा, पाच आडवा

सुरुवातीलाच माफी मागतो. माझ्यासारख्यानं काही लिहावं आणि ते चारचौघांनी वाचावं, असं मी आजवर काहीही केलेलं नाही. आमच्या घरातला आतापर्यंतचा सर्वांत मोठा मजकूर म्हणजे जळालेला ट्रान्सफॉर्मर बदलून मिळावा म्हणून केलेला अर्ज, आणि तोही शेजारच्या गुरुजींनी लिहून दिला होता. (खालची सही मात्र आमच्या तात्यांची. सही झोकात आहे.) कॉलेजात गेलेला घरातला पहिला माणूस मीच, त्यामुळे चुकलंमाकलं पोटात घालावं.

घडलं ते एवढंच, की शब्दकोडं सोडवण्याच्या नादात मी माझ्या वडिलांना ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभं केलं. त्यांना न विचारता! खरं तर माझ्याही नकळत.

तात्या म्हणजे माझे वडील. निमगाव केतकीला आमची डाळिंबाची बाग आहे. मी बारामतीत कॉलेजला असतो, आणि माझ्या खोलीत इरफान राहतो. इरफानच्या अब्बांचं इंदापुरात बांगड्यांचं दुकान आहे. हा गडी रोज सकाळी मोबाईलवर मराठी शब्दकोडं उघडायचा आणि कपातला चहा निवायच्या आत सोडवून मोकळा व्हायचा. शेजारच्या खोल्यांतली पोरंही सोडवायची. मग मेसमध्ये चर्चा. “आज सात उभा भारी होता!” “नऊ आडव्यानं घाम काढला!” मी आपला वरणात भाकरी कुस्करत मान हलवायचो. मला उभ्यातलं काही कळत नव्हतं आणि आडव्यातलंही.

शेवटी धीर करून इरफानला म्हणालो, “मला शिकव.”

पहिल्या दिवशी मी एका चौकोनात ‘क’ भरला आणि पुढच्या चौकोनात काना भरायला गेलो.

“सूरज भावा,” इरफान शांतपणे म्हणाला, “काना अक्षराबरोबर राहतो. त्याला वेगळी खोली देत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी सूचना होती: ‘होय’च्या उलट, दोन अक्षरी. मी बेधडक भरलं: न्हा-य. मोजून दोन चौकोन! इतकं चपखल बसलं की मला अभिमान वाटला. त्याच ‘न्हा’वरून खाली जाणारा शब्द होता: ‘पाण्यावर तरंगते’, दोन अक्षरी. मी विचार करकरून भरलं: न्हाणी.

“न्हाणी तरंगते का रे?” इरफाननं विचारलं.

“मोरी तुंबली की तरंगती.”

(उत्तरं ‘नाही’ आणि ‘नाव’ होती. बारावीपर्यंत माझ्या बोलण्यात ‘नाही’ हा शब्द फक्त मराठीच्या पेपरात आला होता.)

अशी प्रगती चालू असताना एका शनिवारी मी गावी आलो. त्या दिवशीचं कोडं मेलं अवघड निघालं. तीन उभा: ‘खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब’, तीन अक्षरी. मी खळं पाहिलेलं नाही. आमच्याकडं मशीन येतं, अर्ध्या तासात मळणी करून निघून जातं. अंगणात तात्या डाळिंबाच्या क्रेटी धूत होते. मी सहज सूचना वाचून दाखवली.

“तिवडा,” तात्या म्हणाले. वर बघितलंसुद्धा नाही.

बसलं! मी ताबडतोब इरफानला फोन लावला. तो त्या दिवशी इंदापुरात दुकानात बसला होता आणि त्याचंही गाडं नेमकं तिथंच अडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला येत होतं आणि इरफानला येत नव्हतं! आता आमच्या घरात बोलण्याइतकी रेंज येते ती एकाच ठिकाणी, रस्त्याकडेच्या पाण्याच्या टाकीवर. मी टाकीवर चढलो आणि आनंदाच्या भरात ओरडायला लागलो:

“तीन उभा? तीन उभा तात्या! … आरं नक्की म्हंजे? तात्यांनी सोताच्या तोंडानं सांगितलं! … पाच आडवा? छ्या! आबा न्हाय चालत! आबा बसतच न्हाय तितं! काढून टाक आबाला! … शेवटी ‘जा’ पायजे, ‘जा’!”

(तीन उभा तात्यांनी सोडवला, एवढंच मला म्हणायचं होतं. पाच आडवा म्हणजे ‘वडिलांचे वडील’. इरफाननं ‘आबा’ भरलं होतं. बरोबर उत्तर ‘आजा’. यात माझं काय चुकलं, सांगा.)

खाली रस्त्यावर गावातले बबनराव मोटरसायकल थांबवून दुधाच्या किटलीची दोरी आवळत होते. त्यांनी दोरी आवळली, टाकीकडं पाहिलं, माझ्याकडं बघून अर्थपूर्ण हसले आणि डेअरीच्या दिशेनं सुसाट गेले. बबनरावांचं दूध कधी कधी नासतं, बातमी मात्र ताजी पोचते.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. आणि आमच्या बांधाला बांध असलेले आबा हे तात्यांचे जिवाभावाचे दोस्त. तीस वर्षं रोज सकाळी सहाला आबा आमच्या ओट्यावर येतात आणि कान तुटलेल्या एका ठरावीक कपातला चहा बशीत ओतून पितात. आईनं दोनदा नवा कप आणला, पण आबांनी दोन्ही वेळा जुनाच मागितला. या आबांना यंदा वॉर्ड तीनमधून उभं राहायचं होतं. फार वर्षांची इच्छा होती. आणि हे त्यांनी गावात फक्त तात्यांना सांगितलं होतं. “एवढ्यात कुठं बोलू नगंस,” असं हातावर हात ठेवून.

डेअरीत दुधाचं फॅट लागेपर्यंत बातमी तयार झाली: तात्या वॉर्ड तीनमधून उभा, आबाला काढून टाकलं, पोराला बारामतीवरून फोन आला होता. आमच्या भागात बारामतीवरून फोन आला म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. (फोन इंदापूरला होता. तोही मीच केलेला, बांगड्यांच्या दुकानात!)

रविवारी सकाळी सहाला आबा आले नाहीत.

आईनं कान तुटलेला कप मांडला. साडेसहाला तो तसाच उचलून ठेवला.

“बरं न्हाय का काय त्येला?” म्हणत तात्या बांध ओलांडून गेले आणि पाच मिनिटांत परत आले.

“काय म्हणलं?” आईनं विचारलं.

“म्हणला, या उमेदवार!”

“कोण उमेदवार?”

“त्येच तर मला कळंना!”

कळायला वेळ लागला नाही. मोबाईलवरच्या गावच्या ग्रुपवर तात्यांचा फोटो येऊन पडला होता. कुणाच्या तरी लग्नातला, डोक्याला फेटा आणि डोळे मिटलेले. खाली मोठ्या अक्षरांत: ‘आपला माणूस, हक्काचा माणूस!’ आईनं तो फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “ह्यात झोपल्यात ह्ये.”

तात्या तडक डेअरीत गेले. मी मागोमाग.

“मी उभा न्हाय!” तात्यांनी जाहीर केलं.

“व्हय व्हय,” बबनराव म्हणाले. “पैल्यांदा समदेच न्हाय म्हणत्यात.”

“आरं खरंच न्हाय!”

“बगा, दोनदा म्हणला. म्हंजी नक्की हाय!”

मग मी पुढं झालो. मला वाटलं, आपण शिकलेले आहोत, आपण समजावून सांगू. “ते कोडं होतं,” मी म्हणालो. “कोड्यात तीन उभा होता. म्हणजे तात्या उभे नव्हते, तिवडा उभा होता.”

डेअरीत माना हलल्या.

“पोरगं तयार झालं बरं का,” एकजण हळूच म्हणाला. “कोड्यात बोलतंय!”

तात्या तरातरा घरी आले. दारात मात्र थांबले. “सुऱ्या, गाव काय म्हणतंय त्येचं मला सोयरसुतक न्हाय. पर आबाला वाटतंय मी त्येचा केसानं गळा कापला. तीस वर्सांत त्या माणसानं मला एकच गुपित सांगितलं, आन ते तू टाकीवर चढून वरडलास. नीट कर हे. मला च्या गोड लागंना.”

“साखर तेवढीच हाय,” आतून आई म्हणाली.

मी आबांच्या बागेत गेलो. आबा डाळिंबाच्या फांद्या छाटत होते. माझ्याकडं पाठ.

“आबा.”

कात्री चालूच.

“आबा, एक मिनिट हे बघा.” मी मोबाईल पुढं धरला. कालचं कोडं उघडलेलं.

आबांनी तिरक्या नजरेनं पाहिलं. चौकोन, चौकोनांत आकडे. “ह्यो तर वार्डाचा नकाशा हाय.”

“न्हाय आबा, कोडं हाय!”

“मग ही काळी घरं कुणाची?”

“कुणाचीच न्हायती. ती रिकामी हायती.”

“म्हंजी फुटलेली.”

मी घाम पुसला आणि पहिल्यापासून सांगत गेलो. वरून खाली वाचायचा तो उभा शब्द, डावीकडून उजवीकडं तो आडवा. तीन उभा म्हणजे तिवडा, तो तात्यांनी सांगितला. आबा ऐकत होते, पण चेहरा काही हलत नव्हता.

“आन ‘काढून टाक आबाला’ कोण म्हणलं?”

“मीच. पण तुम्हाला न्हाय! ‘वडिलांचे वडील’ असं होतं. तिथं आबा बसत नव्हतं.”

“मग माज्या जागी कुणाला घातलंस?”

“आजा.”

“आजा!” आबांना हे जास्त लागलं. “म्हातारा घातलास?”

मला रडूच यायचं बाकी होतं. काय करावं सुचेना, म्हणून त्या दिवशीचं नवं कोडं उघडलं आणि नुसती पहिली दिसली ती सूचना वाचली: “बैलांच्या मानेवर असते.”

“जू,” आबा म्हणाले. मग एकदम गप्प झाले, कारण त्यांना बोलायचं नव्हतं.

“तीन अक्षरी पाहिजे, आबा.”

“मग जोखड!” कात्री खाली आली. “लिव की. कालिजात काय शिकवत्यात रं तुला? फुडचं वाच.”

पुढचं वाचलं. त्याच्या पुढचंही. आबा बांधावर बसले, मी शेजारी बसलो. अकरा सूचनांपैकी आठ त्यांनी सोडवल्या. एक मी. (‘नाही’. या वेळी मी चुकलो नाही.) उरलेल्या दोन आम्ही तात्यांसाठी ठेवल्या, म्हणजे आबाच म्हणाले, “ह्ये ऱ्हाऊ दे. त्येला इचारू.” मग स्वतःचा मोबाईल खिशातून काढून माझ्या हातात दिला. “ह्यात बी टाक. नवं कवा निगतं?”

“रोज सकाळी सहाला.”

सोमवारी पहाटे पावणेसहाला आबा ओट्यावर हजर! आईनं कान तुटलेला कप मांडला. तात्या शेजारी येऊन बसले. दोघांनी मोबाईलमध्ये डोकी घातली आणि एका विहिरीच्या भागावरून इतके भांडले, की मला कळलं, सगळं पहिल्यासारखं झालंय. भांडणाचा निकाल चुलीपुढून आईनं लावला. तिनं सांगितलेला शब्द बरोबर बसला.

मी बारामतीला परत आलो. गावानं मात्र कोड्यावर शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाही. तात्या आणि आबा रोज डोक्याला डोकं लावून ‘उभा’, ‘आडवा’ करतात, म्हणजे दोघांचं काहीतरी शिजतंय, असं डेअरीत पक्कं झालं.

मग एके दिवशी कोड्यात तीन उभ्याची सूचना आली: ‘निवडणूक न होता झालेली निवड अशी असते’, पाच अक्षरी. इरफाननं चहाबरोबर कोडं सोडवलं आणि मला उत्तर न सांगता तो तासाला निघून गेला. मी भरलं ‘नशीबवान’. न-शी-ब-वा-न. मोजून पाच! मला चपखल बसलेल्या शब्दाची तेव्हाच भीती वाटायला हवी होती. त्या ‘शी’मुळं आडवे शब्द एकामागून एक बिघडत गेले. दुपारचे तीन वाजले तरी मी तिथंच.

तेवढ्यात तात्यांचा फोन आला. टाकीवरून बोलत असणार, कारण मोबाईल कानापासून लांब धरूनही ऐकू येत होतं.

“सुऱ्या! अर्ज भरायची मुदत संपली! वार्ड तीनमधी एकच अर्ज! तात्या उभा हाय म्हणून बाकी कुणी भरलाच न्हाय रं! म्हणलं, तात्याच्या इरोधात कशाला जायाचं! आन तात्यानं तर भरलाच नव्हता! आबा बिनइरोध!”

फार मोठी बातमी होती. आबांची कितीतरी वर्षांची इच्छा पुरी झाली होती. मी अभिनंदन म्हणायला हवं होतं.

मी म्हणालो, “थांबा, तात्या, थांबा… बि, न, वि, रो, ध… बसलं!”

“काय बसलं?”

“तीन उभा! तीन उभा बिनविरोध!”

“आबा!” तात्या तिकडं ओरडले. “ह्ये पोरगं म्हणतंय, तीन उभा बिनइरोध!”

“हळू बोल मर्दा!” मागून आबांचा आवाज आला. “बबनराव चाललाय रस्त्यानं!” मग फोन त्यांनीच घेतला. “सुऱ्या, तुझं आत्ता सुटलं व्हय रं?”

“व्हय, आबा.”

“आमचं सकाळीच सुटलंय. च्या पिता पिता तुज्या आईनं सांगितलं.”