नानांच्या नावाने गेलेला मेल

मी जळगावात वेबसाइट बनवतो. काही बिघडलं की कारण कोडमध्ये सापडतं, एवढाच माझा अनुभव. भुताखेतांचा विषय निघाला की मी चहाला उठून जायचो... म्हणून हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

शहराबाहेरच्या एका केळी-रोपांच्या नर्सरीची जुनी साइट नुकतीच माझ्याकडे आली होती. प्रत्येक पानाखाली ‘मित्राला पाठवा’ असं बटन. पाठवणाऱ्याचं नाव, मित्राचा पत्ता, निरोप भरायचा. मेल नर्सरीच्या पत्त्यावरून जायचा. नाव खरं की खोटं, तपासणी नाही. भामट्यांनी नेमकं तेच हेरलं. गिऱ्हाइकांना मेल जाऊ लागले – बुकिंग पक्कं करायला लिंक उघडा, बँकेचा पासवर्ड टाका.

नर्सरीचे मालक, भाऊ, दुपारी माझ्याशेजारी येऊन बसले. “आपल्या पत्त्यावरून दुसरा कसा पाठवेल?”

“दाखवतो,” म्हटलं. पाठवणाऱ्याच्या जागी सुचलं ते नाव टाकलं – नाना. माझे वडील, जाऊन बरीच वर्षं झाली. पत्ता पाचोऱ्याच्या माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा. निरोप एकच शब्द – चाचणी. भाऊंनी वाचला, मी बटन दाबलं.

थोड्या वेळात अक्काचा फोन. “नानांच्या नावाने मेल आलाय रे.”

“मीच पाठवला. चाचणी होती.”

“चाचणी कुठे? ऐक, काय लिहिलंय – छबूबाय, ते बंद कर. बठ्ठं खोटं शे.”

तिला छबूबाय फक्त नाना म्हणायचे, आणि ‘सगळं खोटं आहे’ हे त्यांच्या अहिराणीत असंच सांगायचे. आणि ‘ते’ म्हणजे... तिनेही त्याच नर्सरीतून रोपं मागवली होती. मेल आला तेव्हा भामट्यांची लिंक उघडून ती पासवर्ड टाकत होती. अर्धा टाकून झाला होता.

बटन काढून टाकलं आणि संध्याकाळी पाचोरा गाठलं. तिच्या मोबाइलवर तेच शब्द. नर्सरीकडे राहिलेल्या प्रतीत मात्र – चाचणी. कोड कितीदा वाचला, जाणकारांनाही दाखवला. निरोप बदलेल अशी जागा त्यात कुठेच नाही.

परवा अक्का सहज म्हणाली, “मी त्या मेलला उत्तर दिलं होतं.”

“काय लिहिलंस?”

“बंद केलं, नाना.”

ते नर्सरीच्या इनबॉक्समध्ये यायला हवं होतं. भाऊंनी आणि मी सगळं धुंडाळलं. आलेलं नाही... आणि पोचलं नाही म्हणून अक्काकडे परतही आलेलं नाही. कुठे गेलं, मला अजून सांगता येत नाही.