सहा पायल्या वाल

मोड आलेल्या वालाइतका नाठाळ माल बाजारात दुसरा नाही. कोरडे वाल राखेत घालून ठेवले तर वर्षभर गुमान राहतात. एकदा भिजवले की मात्र ते कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. रात्रभर पाण्यात, मग दीड दिवस फडक्यात बांधून, मग कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलायचा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत विकून मोकळं व्हायचं. त्यानंतर त्यांना आंबूस वास सुटतो. म्हणजे रोह्याच्या बाजारात बिरड्यासाठी किती बायका येतील, ते तीन दिवस आधी ठरवावं लागतं. नव्वदच्या दशकात आमच्या घरात हे माझे वडील ठरवत आणि सोलायचं काम आईचं. हे लिहिताना आजही माझं डोकं तापतं.

आम्ही रोह्यासमोर नदीपलीकडच्या अष्टमी गावात राहत होतो. आई रोज सकाळी पूल ओलांडून रोह्याच्या बाजारात टोपली घेऊन बसायची. श्रावणात घरोघरी मासळी बंद, त्यामुळे वालाला मागणी, सोमवारी दुप्पट. गौरी जेवतात त्या दिवशी तर झुंबड. गणपती उठले की सगळं गाव मासळीकडे धावायचं आणि वालाला कुत्रंही विचारायचं नाही. हे सगळे चढउतार आईला पाठ होते. वडिलांना वाटायचं, ते आपल्यालाच पाठ आहेत. वाल मोजायची लाकडी अधोली ते देवाशेजारच्या कोनाड्यात ठेवत, आणि तिला हात लावायचा मान फक्त त्यांचा.

मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. श्रावणभर पाण्यात हात घालून आईच्या उजव्या अंगठ्याला नखुर्डं झालं. नखाच्या कडेला पू, अंगठा सुजून टम्म. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, महिनाभर हात पाण्यात घालायचा नाही, नाहीतर नख जाईल. वडील शेजारीच उभे होते. त्यांनी ऐकलं, मानही डोलावली.

आणि गणपती बसले त्याच रात्री त्यांनी गौरीसाठी वाल भिजत घातले. नेहमी दोन पायल्या घालत, त्या वर्षी सहा.

"एवढे कुणाला?" आईने विचारलं.

"चार पायल्या पेणच्या बाजूला नेतो. हमरापूरकडं घराघरात गणपतीच्या मूर्त्या. बायांचे हात रंगात. वाल सोलायला टाइम कुणाला हाय?"

आईचं माहेर तिकडचंच, खाडीकाठचं, मिठागरात राबणारं. ती म्हणाली, "अवो, रंगाचं काम चवथीला संपलं. नि आमच्याकडं गौर तिखट खाते, मासळीचं. त्या दिवशी वाल कोन घेतंय?"

"तुला धंद्यातलं काय कळतं?"

वीस वर्षं बाजारात बसलेल्या बाईला हा प्रश्न! वडील आतल्या भातशेतीच्या गावचे. त्यांच्या घरात गौरीला गोडाचं जेवण, पानात वालाचं बिरडं. जगातल्या सगळ्या गौरी आपल्याच घरासारख्या जेवतात, असं त्यांना मनापासून वाटत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोच्या माहेरची गौर काय जेवते हे या माणसाने कधी विचारलं नव्हतं.

सोलायच्या दिवशी मी आईला पाण्याजवळ येऊच दिलं नाही. मी एकटीच बसले. दुपार टळली तरी निम्मेही झाले नव्हते. वडील ओटीवर टोपल्यांना दोरी बांधत होते आणि तिथूनच सांगत होते, "हात चालवा, सकाळची गाडी चुकंल." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. शेवटी आईने अंगठ्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधली आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"ऱ्हाऊ दे गो, तुझ्या एकटीच्यानं नाय होनार."

पिशवीत पाणी शिरलं ते मला दिसत होतं. मी ती परात उचलून अंगणात भिरकावायला हवी होती. मी ती भिरकावली नाही, सोलत राहिले. वडिलांवरचा राग एक वेळ निवेल, हा स्वतःवरचा निवत नाही.

सकाळच्या गाडीने मी वडिलांबरोबर गेले. पहिलाच थांबा निडी यायच्या आत त्यांनी दोनदा ऐकवलं की पुढच्या वर्षी आठ पायल्या घालू. खाडीकाठच्या गावात आम्ही दारोदार फिरलो. दारापुढे रांगोळ्या, आणि घराघरातून कोळंबीच्या कालवणाचा वास. एका म्हातारीने आमच्या टोपलीवरचं फडकं उचलून पाहिलं आणि ती हसतच सुटली.

"आज वाल? आज गौरीच्या पानात खाडीतला जिताडा हाय! परवा आनायचे व्हते."

परवा! परवा वाल फडक्यात होते; ते म्हणू त्या दिवशी सोलून तयार झाले असते तर आम्ही का रडलो असतो? दुपारी परतीच्या गाडीत टोपल्यांना वास सुटला. शेजारचा माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला.

घरी आलो तर आई बाजारातून कधीच परतली होती. तिच्या दोन पायल्या दहाच्या आत संपल्या आणि नेहमीच्या कितीतरी बायका रिकाम्या हाताने परत गेल्या. म्हणजे जिथे हवे होते तिथे वाल कमी, आणि जिथे नको होते तिथे चार पायल्या. वडिलांनी टोपल्या दाणकन ठेवल्या आणि म्हणाले, "तिकडं तिखट खातात, हे आधी नीट सांगायचं नाय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सांगितलं होतं!" मी ओरडले. "माझ्यासमोर सांगितलं होतं!" बापावर आवाज चढवण्याची ती माझी पहिलीच वेळ. ते माझ्या अंगावर धावून आले, आणि मध्येच थांबले. आई अंगठ्याची चिंधी सोडत होती. चिंधीबरोबर नख सुटून आलं.

आईने अंगठ्यावर हळद दाबली, उठली, डाव्या हाताने कोनाड्यातली अधोली काढली आणि आपल्या बाजाराच्या टोपलीत ठेवली. नख पुढे आलं, पण वाकडं आलं.

पुढच्या वर्षी गणपती बसले त्या रात्री तिने स्वतः अडीच पायल्या मोजून भिजवल्या. वडील दारात उभे होते.

"एवढेच? कमी पडले तर?"

"कमी पडले तर गिऱ्हाईक बोलंल," आई म्हणाली. "जास्ती झाले तर माझं नख जातं. गिऱ्हाईकाचं बोलनं मी सोसीन."