लेणी बघायला दौंडला

आमच्याकडे कुणी प्रवासाला निघालं की 'कुठं' विचारायचं नाही. विचारलं की काम फिसकटतं, असं आत्या म्हणायची. का फिसकटतं, हेही विचारायचं नाही. हा नियम मी आयुष्यात एकदाच पाळला. त्यात माझी जी शोभा झाली, ती चहा गार व्हायच्या आत ऐकून घ्या.

मी तेव्हा पुण्याला कॉलेजात होते. सुट्टीत शिरूरला घरी आले, तर पहिल्याच रात्री जेवताना आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "पुढच्या महिन्यात दौंडला जाऊ. तुला लेणी दाखवायची हायती."

लेणी! वेरूळला न्या म्हणून मी मॅट्रिकपासून आबांच्या मागे लागले होते. दौंडात कुठली आलीत लेणी? पण वेरूळला जायला लागणारी मनमाडची गाडी तिथूनच सुटते. तरी खात्री करावी म्हणून 'कुठं' ओठावर आलंच होतं, तोच आत्यानं डोळे वटारले.

मग आडून विचारलं, "फार जुनी असतील ना?"

"जुनीच. पण घडण बघशील तर बघत ऱ्हाशील."

"मोडतोड झाली असेल."

"त्ये लोक नव्यानं घडवून देत्यात की."

ते लोक म्हणजे सरकार, हे मी समजून घेतलं.

काय महिना होता तो! मी कॅनव्हासचे बूट खडूनं पांढरे केले. आतल्या अंधारासाठी बॅटरी घेतली. गाडीत दशम्या कधी सोडायच्या, मनमाडला उतरून वेरूळकडच्या छोट्या गाडीत खिडकी कशी धरायची, सगळं ठरलं. पडल्या पडल्या मी रोज वेरूळला जाऊन यायची. नंतर पुष्कळ हिंडले, पण त्या महिन्याएवढी कधीच नाही.

"आबा, कधी जायचं?" हे रोज चालू.

"पोरगी राजी हाय हो," आत्या आईला सांगायची. शेवटी घराला इतिहासाची गोडी लागली, म्हणून मी खूश.

आबा, आत्या आणि मी दौंडला एसटीतून उतरलो. आबा स्टेशन ओलांडून सरळ बाजाराकडे वळले. एका अनोळखी घरात बसलो. तिथल्या बाईंनी पितळी डबा उघडला. ठुशी, पाटल्या, वज्रटीक.

"आमच्या सासूबाईंची लेणी. पसंत हायती का?"

कोपऱ्यात त्यांचा रेल्वेतला मुलगा माझे बूट न्याहाळत होता.

"आन् बॅटरी कशाला आणली?" बाईंनी विचारलं.

"आत अंधार असेल म्हणून," माझ्या तोंडून निघून गेलं. मुलगा खुदकन हसला.

"महिनाभर तर नाचत व्हतीस," आबा कुजबुजले.

"आबा, मी वेरूळला जायला नाचत होते. मला ही लेणी नकोत आणि लग्नही करायचं नाही." पिशवी उचलून मी दाराशी गेले.

"आगं, कुठं निघालीस?" आत्या ओरडली.

तिच्याच तोंडून तो शब्द गेला. आत्यानं पदर तोंडाला लावला, आबांनी मान खाली घातली. मनमाडपर्यंतचं एकेक स्टेशन मला पाठ होतं, पण तिकिटाचे पैसे आबांच्या खिशात होते.