बोटभर तार

खंडेनवमीच्या दुपारी यशवंतच्या धाकट्या भावाचा फोन आला, तेव्हा मी मलकापुरातल्या माझ्या दुकानात स्क्रू ड्रायव्हरना आणि पकडींना कुंकू लावत होतो. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. आमची शस्त्रं तीच. "सुभाषदादा, आमचा दादा गेला. पूजा करता करताच पडला. डॉक्टर म्हणत्यात हार्ट..." माणूस गेल्याचं कळल्यावर लोक काय विचारतात ते मला ठाऊक आहे. कधी, कसा, जवळ कोण होतं. मी त्यातलं काहीच विचारलं नाही. मी विचारलं, "लाइट होती का?" पलीकडं तो गडबडला. "न्हाई, लाइट गेलेली हुती. का वो?" मी "काही नाही, निघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. मित्र गेल्याचं दुःख नंतर आलं. आधी आलं ते हायसं वाटणं... लाइट नव्हती, म्हणजे माझ्यामुळं नाही. ते हायसं वाटणं पलूसच्या वाटेवर अर्ध्यातच संपलं. त्या प्रश्नाचं कारण मी इतके आठवडे कुणाला सांगितलं नाही. आज सांगतो आहे.

यशवंत आणि मी पलूसजवळच्या एकाच गावचे, दहावीपर्यंत एका बाकावर. तो फौजेत ड्रायव्हर झाला आणि वीस वर्षं बर्फातल्या घाटांतून ट्रक चालवून परत आला. मी वायरी आणि सर्किटं शिकून मलकापूरला दुकान टाकलं. त्याला कशाची भीती वाटत नसे, मला सगळ्याची वाटे. लहानपणी विहिरीत तो काठावरून सूर मारायचा आणि मी पायरीवर बसून त्याचे कपडे सांभाळायचो. पेन्शनीत आल्यावर त्यानं कॅमेरा घेतला. जत्रांमधल्या कुस्त्या चित्रित करायच्या, नीट कापून-जोडून, संथ गतीनं डाव दाखवत लोकांसमोर ठेवायच्या, हा नाद लागला. पण त्याचा जुना लॅपटॉप ऐन डावात अडकायचा. मागच्या हिवाळ्यात तो दुकानात येऊन बसला. "सुभ्या, पैलवान धोबीपछाड मारतोय आन् तिथंच चक्री फिरत बसती रं. मला मशीन बांधून दे. एडिटिंगला बी चाललं पायजे आन् गेमला बी." मी म्हणालो, "या वयात गेम कसला?" "ट्रकचा." "वीस वर्षं ट्रक चालवून पुन्हा ट्रकच?" त्यावर तो हसला. "गड्या, ह्या ट्रकातनं दरीत गेलं तर परत पयल्यापासनं सुरू करता येतं. तिकडं तसं नव्हतं."

त्यानंतरचे तीन आठवडे आमच्या मैत्रीतले सगळ्यात चांगले दिवस होते, असं मी आज म्हणू शकतो. कॅलेंडरच्या पानामागं आम्ही भागांची यादी करायचो, खोडायचो, पुन्हा करायचो. प्रोसेसर कुठला, रॅम किती, ग्राफिक कार्ड मोठं घ्यायचं की त्याऐवजी जादा साठवण. प्रत्येक गोष्ट तो ट्रकच्या भाषेत करून घ्यायचा. "म्हंजी प्रोसेसर इंजिन, रॅम हौदा. मग हौदा बारका ठिवून इंजिन मोठं घेतलं तर माल कुठं टाकू?" पॉवर सप्लायवर मी पाच दिवस घालवले. स्वस्तातला घेऊ देईना. "सगळ्या भागांना वीज वाटणारा भाग हा," मी त्याला सांगितलं, "इथं चुकलं की सगळं जळतं." तो म्हणाला, "तू म्हणशील त्यो घ्यायचा. विजेतलं तुला कळतंय." आमचं भांडण झालं ते एकाच गोष्टीवर. त्याला काचेची, आत रंगीत दिवे लागणारी पेटी हवी होती. मी जाड पत्र्याच्या कॅबिनेटवर अडून बसलो. ऊस तुटून गेला की त्यांच्याकडं पाचट पेटतं, ती काजळी दारं-खिडक्या बंद केल्या तरी घरात येते. मला जाळी काढून धुता येईल अशी भक्कम पेटी हवी होती. ती आल्यावर त्यानं बोटानं टकटक करून पाहिलं. "मशीन सांगितलं हुतं, तू तिजोरी आणलीस." पत्रा मी निवडला, हे इथं नोंदवून ठेवतो.

जोडणी त्याच्याच घरी केली, रविवारी सकाळी. सुमनवहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. मशीन पहिल्याच दाबाला सुरू झालं, यशवंतनं बाळाच्या पाठीवर ठेवावा तसा कॅबिनेटवर हात ठेवला आणि झटकन मागं घेतला. "चरचरतंय रं." मुंग्या आल्यासारखं होत होतं. मी भिंतीवरचा प्लगचा बोर्ड खोलून पाहिला. प्लगची तीन भोकं होती, पण तिसऱ्याच्या मागं तारच नव्हती. अख्ख्या घराला अर्थिंग नव्हतं. घरात वीज एका तारेनं येते, दुसरीनं परत जाते. तिसरी तार जमिनीत पुरलेली असते. कुठं बिघाड झाला तर वीज माणसातून न जाता त्या तारेतून मातीत जाते. ती तार पुरायला खड्डा काढावा लागतो, तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ घालावं लागतं. दिवसभराचं काम. आणि यशवंतला त्याच दिवशी एका कुस्ती-मैदानाचा व्हिडिओ पुरा करायचा होता. तेव्हा मी जे केलं ते आमच्या धंद्यातले अनेक जण करतात, आणि चूक आहे हे माहीत असून करतात. बोटभर हिरवी तार कापली, तिचं एक टोक तिसऱ्या भोकाला आणि दुसरं परतीच्या तारेला जोडलं. मुंग्या थांबल्या. यशवंत खूश. मी म्हणालो, "हे तात्पुरतं आहे. आठ दिवसांत येतो, खड्डा काढू. तू हात लावू नकोस, ते मोजून करावं लागतं." फौजेतला माणूस, सांगितलेलं ऐकणारा. त्यानं हात लावला नाही.

त्या आठवड्यातच त्यानं मिठाचं पोतं आणि कोळसा आणून ओसरीवर ठेवला. मी गेलो नाही. पुढच्या रविवारी कुणाचा तरी प्रिंटर, त्याच्या पुढच्या रविवारी लग्न, मग ऊन, मग पाऊस. तो फोनवर कुस्त्यांचं बोलायचा, गेममध्ये कुठल्या देशात माल पोचवला ते सांगायचा आणि शेवटी हसत म्हणायचा, "सुभ्या, मिठाला पाणी सुटलंय रं. ये की." मी म्हणायचो, आठ दिवसांत येतो. किती वेळा म्हणालो ते मोजलं नाही. त्या पहिल्या चरचरीनंतर त्याला एक सवय मात्र लागली होती. मशीनपाशी बसताना निळ्या रबरी चपला घालूनच बसायचा. मुंग्या थांबल्यावरही. वहिनी चिडायच्या, घरात चपला कसल्या म्हणून. "लष्करी बंदोबस्त हाय ह्यो," असं तो त्यांना सांगायचा.

आता त्या दिवसाचं. मी पोचलो तेव्हा तो अंगणात होता, लोक जमले होते. उजव्या हाताच्या बोटांना कुंकू माखलेलं होतं आणि कुंकवाखाली करंगळीच्या नखाएवढा काळा डाग होता. कुणी पाहिला नाही. पाहिला असता तरी काजळी म्हणून सोडला असता. मी पाहिला. मग शेजारची बाई सहज बोलून गेली, "आमच्यात टीव्ही चालू हुता की, ह्यांचीच तेवढी लाइट गेलेली." संध्याकाळी वायरमन येऊन जोडून गेला, मीटरपाशी परतीची तार जळून तुटली होती म्हणाला. परतीची तार शाबूत असते तोवर माझी ती बोटभर तार निरुपद्रवी दिसते. पण ती तुटली की दिवा विझतो, पंखा थांबतो, घर मेल्यासारखं दिसतं... आणि चालू राहिलेल्या पंख्याच्या बटणातून आलेली वीज, परत जायला वाट नसल्यामुळं, त्या हिरव्या तारेवरून पत्र्यावर येऊन उभी राहते. भरदिवसा, गुपचूप. लाइट नव्हती म्हणून मी नाही, असं मला फोनवर वाटलं होतं. लाइट नव्हती, म्हणूनच मी.

दुसऱ्या दिवशी वहिनी येणाऱ्या बायकांना तेच तेच सांगत होत्या. "मीच फरशी पुसली. मीच म्हणलं, आजच्या दिवशी तरी चपला काढा, पूजा हाय. तर म्हणले, लाइट बी न्हाई, ह्या बघ काढल्या. आन् मशीनला कुंकू लावायला वाकले..." मी ते कोपऱ्यातून ऐकलं. त्याच दुपारी खोलीत कुणी नसताना मेन बंद करून बोर्डाचे स्क्रू काढले, ती तार खिशात घातली, बोर्ड होता तसा बसवला आणि मेन सुरू केला. जेमतेम दोन मिनिटं लागली. आठ महिने जे जमलं नाही ते.

मी स्वतःला समजावलं की वहिनींसाठी गप्प बसलोय. त्यांना कळलं तर त्या चपलांचा दोष स्वतःवर घेतील, असं. खरं एवढंच होतं की मला भीती वाटत होती. पोलिसांची, त्याच्या भावाची, दुकानाची. आणि त्याहून मोठी भीती मला दुकानातल्या जुन्या वहीत सापडली. अशीच तार मी आणखी नऊ घरांत लावली होती. झोप गेली. फोन वाजला की उचलायच्या आधी नंबर बघायचो. कुणाचा असेल, कुठल्या घरचा. मग मी टेस्टर आणि तारेचं भेंडोळं घेऊन फिरायला लागलो. शिराळ्याच्या एका घरात गेलो तर तिथल्या आजींनी विरजणाचं स्टीलचं भांडं कॅबिनेटवर ठेवलेलं. मशीन कोमट असतं, दही बेस लागतं म्हणाल्या, आणि बोलता बोलता अनवाणी जाऊन त्यांनी भांडं उचललं. मी ओरडलो. त्या दचकून माझ्याकडं बघत राहिल्या. "आवं, दही हाय त्ये, साप न्हवं." मी आधी मेन बंद केला. नऊच्या नऊ घरांत जाऊन त्या तारा काढल्या आणि खड्डे होईपर्यंत मशीनं बंद ठेवायला लावली. राहिलं एकच घर.

वहिनींकडं गेलो, खिशातली तार काढून त्यांच्यासमोर फरशीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. मला कमी बोलायची सवय. त्यांनी एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हणून मला बी झिणझिण्या आल्या."

"कधी?"

"त्ये पडले तवा. त्यांना हलवलं, तर एक हात मशीनला चिकटल्यागत हुता. मला झटका बसला, मी मागं झाले, तवा हात सुटला त्यांचा. मला वाटलं घाबरून झालं असंल. लाइट नव्हती ना. कुणाला काय म्हणून सांगू?" मग टेबलाखालच्या निळ्या चपलांकडं बघत म्हणाल्या, "आन् मी काढायला लावल्या."

"नाही वहिनी. तार मी लावली होती."

"त्ये कळलं मला, भावजी. त्ये इचारलं न्हाई मी."

भावाला त्यांनी स्वतः सांगितलं. तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही, अजूनही पुरता बोलत नाही. पाचव्या दिवशी वहिनींचा फोन आला. दोनच वाक्यं. "खड्डा काढायला या. आन् ह्ये सगळं कागदावर लिवून काढा, नाव घालून, म्हंजी दुसरीकडं कुणी असं करणार न्हाई."

म्हणून हा लेख. खड्डा मी एकट्यानं काढला, घराच्या मागच्या अंगाला. ओसरीवरच्या पोत्यातलं मीठ दगडासारखं झालं होतं. ते फोडून घातलं, कोळसा घातला, पट्टी पुरली, तार आत आणली. वहिनींनी वरून दोन घागरी पाणी ओतलं. मीटरनं मोजलं, टेस्टर लावून पाहिला, दिवा लागला नाही. मी स्क्रू आवळत म्हणालो, "झालं वहिनी, आता काही भीती नाही." त्या तेव्हा खोलीतली फरशी पुसत होत्या, त्या दिवशी पुसली होती तशीच. ओलं फडकं बाजूला ठेवून उभ्या राहिल्या.

"चपला काढा, भावजी."

मी त्यांच्याकडं पाहिलं.

"काढा. आन् हात लावा."

मी विजेतला माणूस. मीटरचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि तरीही मी तो पुन्हा एकदा वाचला. चपला काढल्या. ओल्या फरशीवर पाय ठेवले. उजवा हात पुढं केला आणि तो जिथं वाकला असेल तिथं, कॅबिनेटच्या वरच्या कडेला, तळवा टेकला. पत्रा गार होता. वहिनींनी बटण दाबलं, मशीन सुरू झालं, आणि तळव्यात काहीतरी थरथरलं. मग कळलं, पंखा फिरतोय. मी हात काढायला लागलो.

"काढू नका," त्या म्हणाल्या. "बघू द्या मला."

मी तसाच उभा राहिलो. पडद्यावर त्याचा ट्रक आला, कुठल्याशा बर्फाच्या रस्त्यावर थांबवून ठेवलेला. टेबलाखाली माझ्या पायांशेजारी त्याच्या निळ्या चपला होत्या, टाचेला झिजलेल्या, तोंड मशीनकडं करून.