पिल्लांची बजरी

शिंद्यांचं संस्थान विलीन झालं आणि बाबांची पलटण मोडली. शिंदे की छावनीत आमच्या गल्लीतले बरेच फौजी तेव्हा घरी बसले. बाबा हवालदार होते. हुकूम द्यायची सवय अंगात मुरलेली आणि ऐकायला समोर शिपाई नाहीत. मग हुकूम आमच्यावर सुटत, आणि हातही.

त्यांनी पडाव भागातल्या बाजारातून कोंबडीची पंचवीस पिल्लं आणली. मांजराच्या अन् घारीच्या धास्तीनं ती मागच्या फरशीच्या खोलीत कोंडली. मातीला त्यांचा पाय लागू दिला नाही. खायला अख्खी बाजरी. मी अकरा वर्षांची, खोली झाडायचं काम माझं.

थोड्याच दिवसांत पिल्लं मरायला लागली. गळ्याखालची पिशवी गाठीसारखी टणक फुगायची, चोच उघडी राहायची. एका सकाळी सहा मेलेली निघाली.

"काय घातलंस यांना?" बाबांनी विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत थोबाडीत बसली. ओठ फुटला. मग त्यांची नजर भिंतीपलीकडे गेली. तिथं चाचा राहायचे, सरकारी तबेल्यात घोडे सांभाळणारे जुने सईस. आदल्याच दिवशी ते हसून म्हणाले होते, "हवालदार साहब, अब मुर्गियों की परेड होगी?"

"यानंच विष घातलं," बाबा म्हणाले आणि लाठी घेऊन बाहेर पडले.

चाचांना त्यांनी मानगूट धरून गल्लीत ओढलं. पहिला घाव खांद्यावर, दुसरा अडवायला उचललेल्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मला दारात ऐकू आला. लोक जमले, मध्ये कुणी पडेना. आई पडली. तिच्याही कानशिलावर लाठी लागली. ती भेलकांडली, पण खाली बसली नाही. घरात जाऊन विळी आणि एक मेलेलं पिल्लू घेऊन आली आणि बाबांच्या पायाशी तिनं त्याचा गळा चिरला. आतून बाजरी सांडली. ओली, फुगलेली, दाणा न् दाणा अख्खा.

"बघा. कुठंय विष?"

चाचा धुळीत पडले होते. तोंडातलं रक्त थुंकून म्हणाले, "बजरी दी थी? दाँत नहीं होते इनके। कंकड़ पेट में जाए, तब दाना पिसता है।"

बजरी म्हणजे बारीक खडी; ती पिल्लांना कधी मिळालीच नव्हती. बाबांच्या हातातली लाठी खाली आली. दुपारभर ते अंगणात हातोड्यानं दगड फोडत बसले. बोटं सोलवटली तरी थांबेनात. त्यांनी फोडलेले खडे वाटाण्याएवढे, पिल्लांना गिळवेनात. चाचांनीच भिंतीवरून मला सांगितलं, "बिटिया, बजरी जाड्या रव्याएवढी चाळ. धुऊन, वेगळ्या वाटीत दे." छावनीत राहून त्यांना मराठीही येऊ लागलं होतं. मोडलेला हात गळ्यात बांधलेला होता.

नऊ पिल्लं जगली. आईला डाव्या कानानं पुन्हा नीट ऐकू आलं नाही. चाचांचा हात वाकडाच जुळला. घोड्याचा लगाम त्यांना पुन्हा धरता आला नाही.

कोंबड्या अंडी घालायला लागल्यावर बाबा एकदा टोपली घेऊन त्यांच्या दारी गेले. मी मागे उभी होते.

"हाथ कैसा है?"

"जैसा आपने छोड़ा था," चाचा म्हणाले. टोपली त्यांनी माझ्या हातात परत दिली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दार लावून घेतलं.